चुलतभावांचं शहर

कैरोत पत्ता विचारावा लागत नाही. फुटपाथवर नुसतं थांबून फोनवर नकाशा उघडायचा, की कुठूनसा एक माणूस येतो आणि आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. "म्युझियम? आता बंद आहे, नमाजाची वेळ. दोन वाजता उघडेल. तोवर चहा घ्या, माझ्या चुलतभावाचं दुकान इथेच आहे." म्युझियम बंद नसतं. तहरीर चौकातली ती गुलाबी इमारत १९०२ साली उघडली, आणि तो माणूस बोलत असताना त्याच्या खांद्यावरून आपल्याला तिच्या दाराशी उतरणाऱ्या पर्यटकांच्या झुंडी स्वच्छ दिसत असतात. तरी त्याच्या बोलण्यात इतका आपलेपणा असतो की आपल्याच डोळ्यांबद्दल शंका यावी.

२०२४च्या फेब्रुवारीत मी आणि माझा भाचा पाठीवर सॅक टाकून इजिप्तला गेलो. तो पंचविशीतला, एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधला मोकळा. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली. "या वयात हॉस्टेलात राहणार?" हे घरच्यांचं विचारून झालं होतं. आम्ही उतरलो तलत हर्ब चौकाजवळ. शहराचा हा मधला भाग एकोणिसाव्या शतकात खेदिव्ह इस्माईलने पॅरिसच्या धर्तीवर वसवला. रुंद रस्ते, गोल चौक, नक्षीदार गॅलऱ्या आणि या सगळ्यावर वाळवंटाची पिवळट धूळ. आमचं हॉस्टेल अशाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं आणि तिथली लोखंडी जाळीची लिफ्ट मर्जी असली तर चालायची. चौकाच्या मधोमध फेझ टोपीतला तलत हर्ब उभा आहे. १९२० साली इजिप्तच्या स्वतःच्या भांडवलावर 'बांक मिस्र' काढणारा हा माणूस, त्यामुळे मला शेजार बरा वाटला. मात्र त्याच्या पायाशी दिवसभर जो धंदा चालतो त्याला भांडवल लागत नाही, जीभ लागते.

या धंद्याची सुरुवात बहुतेक वेळा उपकारापासून होते. कैरोत रस्ता ओलांडणं ही एक विद्या आहे. गाड्या थांबत नाहीत, फार तर आपल्या कडेने वळसा घालतात. आम्ही कडेला उभं राहून अंदाज घेत होतो, तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी धरलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आले. "माझ्या उजव्या बाजूला राहा," म्हणाले, आणि हाताचा पंजा गाड्यांना दाखवत आम्हाला अलगद पलीकडे घेऊन गेले. तिथे पोहोचेपर्यंत आमचा देश कळला होता आणि अमिताभ बच्चनचा जयजयकार झाला होता. इजिप्तमध्ये अमिताभ हे पारपत्रावरच्या शिक्क्यापेक्षा मोठं ओळखपत्र आहे. हे गृहस्थ चित्रकलेचे शिक्षक होते. काही विकायचं नव्हतं, पैसे तर मुळीच नको होते. फक्त उद्या मुलीचं लग्न होतं, आणि तिचं नाव आमच्या लिपीत लिहून दिलं असतं तर तिला केवढा आनंद झाला असता! कागद? कागद काय, इथेच कोपऱ्यावर.

भाचा माझ्या बाहीला धरून ओढत होता. "मावशी, चल. हा लपका आहे." आग्र्याला, जयपूरला ज्यांना लपके म्हणतात तीच ही जात, हे मलाही कळत होतं. पण मला हा खेळ शेवटपर्यंत बघायचा होता. पाकीट सॅकच्या तळाशी होतं आणि माझ्याकडे वेळच वेळ होता.

कोपऱ्यावर अर्थातच दुकान निघालं आणि दुकान अर्थातच चुलतभावाचं. करकदेचे दोन पेले आले. करकदे म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आंबटगोड आणि खरोखर छान. शिक्षक महाशय "आत्ता येतो" म्हणून जे बाहेर गेले ते गेलेच. मुलीचं नाव काही कुणी सांगितलं नाही. आता चुलतभाऊ आघाडीवर. त्याने काचेच्या बाटल्या उघडून माझ्या मनगटावर एक, कोपरापाशी दुसरं, दंडावर तिसरं अशी अत्तरं चोळली. एकाचं नाव नेफर्तिती, एकाचं 'वाळवंटाचं गुपित'. हात असा चारी ठाव सुगंधी झाल्यावर माणसाला उठून जाणं जड जातं, आणि त्या चोळण्याचा हेतूही तोच. मग भिंतीवरचे पपायरस. तूतनखामेनचा मुखवटा, न्यायाचा तराजू, मांजर.

इथे भाचा कामाला आला. त्याने एक तुकडा उचलून दिव्यासमोर धरला. पपायरसचा खरा कागद लव्हाळ्याच्या दांड्यातल्या गराच्या पट्ट्या उभ्या-आडव्या रचून, दाबून केलेला असतो. उजेडात त्याची जाळी दिसते, आणि तो वाकवला तरी चिरत नाही. ही कला खुद्द इजिप्तमध्ये लोपली होती. चीनमध्ये राजदूत राहिलेल्या हसन रगब नावाच्या इंजिनिअरने १९६०च्या दशकात खटपट करून ती परत उभी केली. त्याने कारागीर शिकवले, धंदा जोरात चालला आणि लगोलग केळीच्या पानाचं स्वस्त सोंगही बाजारात आलं. भाच्याच्या हातातला तुकडा उजेडात एकसारखा तपकिरी दिसत होता. "बनाना," तो म्हणाला. चुलतभाऊ न लाजता हसला आणि खालच्या कप्प्यातून दुसरा गठ्ठा काढला. हा खरा होता. म्हणजे दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांची सोय होती.

आम्ही आभार मानून उठलो. मग किमती पडायला लागल्या. खुर्चीवर असताना जो भाव होता तो उठल्यावर दोन तृतीयांश झाला, दारापाशी निम्मा, आणि पायरी उतरल्यावर मागून जो आकडा ओरडला गेला तो ऐकून मला त्या पहिल्या आकड्याचीच दया आली. सरबताचे पैसे मी टेबलावर ठेवले होते. ते त्याने परत केले. पाहुण्याकडून सरबताचे पैसे घेत नाहीत, असं म्हणाला, आणि माझा अंदाज आहे की त्या दुपारी त्याने बोललेलं ते एकच वाक्य पुरतं खरं होतं.

व्यवहार उघड आहे. रस्त्यावरचा माणूस गिऱ्हाईक आणतो आणि दुकानदार त्याला वाटा देतो. तो वाटा किमतीत आधीच चढवलेला असतो, म्हणून आणून बसवलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार मनात असलं तरी रास्त भाव सांगू शकत नाही. तीच वस्तू आपण आपल्या पायांनी जाऊन मागितली तर स्वस्त पडते. त्यात आम्ही गेलो तो काळ नाजूक होता. सरकारी दर डॉलरला एकतीस पौंड होता आणि काळ्या बाजारात त्याच्या दुपटीच्या आसपास. लोकांची बचत डोळ्यांदेखत वितळत होती, म्हणून जो तो कानाशी येऊन "डॉलर?" असं पुटपुटत होता. आम्ही परतल्यावर लगेच, ६ मार्चला, मध्यवर्ती बँकेने पौंड मोकळा सोडला आणि तो एका दिवसात पन्नासच्या घरात गेला. जन्मभर बँकेत काढलेल्या बाईला अशा वेळी त्या पुटपुटणाऱ्यांचा फार राग येत नाही.

राग येत नाही म्हणजे त्रास होत नाही असं नव्हे. "हाही अनुभवाचाच भाग, मजा घ्या" असा सल्ला प्रवासावर लिहिणारे देतात. ते बहुधा वातानुकूलित बसमधून फिरतात. पायी फिरणाऱ्याला तासाभरात वीस माणसं "वेलकम टू अलास्का" म्हणून हसवू पाहतात (हा कैरोचा ठरलेला विनोद), तेव्हा एकविसाव्याच्या वेळी मेंदू शिणलेला असतो. गोची मुळात आपल्या वळणात आहे. कुणी विचारलं तर उत्तर द्यावं, कुणी हात पुढे केला तर आपला द्यावा, पुढ्यात आलेला चहा नाकारू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. गळेपडू माणूस याच भिडस्तपणावर जगतो. तो खिशाला हात घालत नाही, त्याला फक्त तुम्ही थांबायला हवे असता.

भाच्याने नाना उपाय केले. कानात इअरफोन घातले, तर लोक हातवारे करून बोलवायला लागले. मग आपण मादागास्करचे म्हणून सांगितलं, तर त्या माणसाचा एक चुलतभाऊ मादागास्करमध्ये निघाला. वाद घालून पाहिला तर वीस मिनिटं गेली, आणि भाच्याचं इंग्रजी त्या माणसाइतकं चलाख नव्हतं. मला जमलं ते इतकंच: चाल मंदावू द्यायची नाही, उजवा तळवा छातीवर ठेवायचा, एकदाच "ला, शुक्रन" म्हणायचं आणि पुढचा शब्द बोलायचा नाही. छातीवरचा हात महत्त्वाचा. तिथल्या रीतीने तो सभ्य नकार असतो, समोरच्याचा अपमान होत नाही आणि आपल्यालाही अपराधी वाटत नाही. तरी कुणी फारच पिच्छा पुरवला तर पांढऱ्या केसांचा उपयोग करायचा. "ऐब अलेक, या इब्नी," म्हणजे लाज वाट रे पोरा, हे मी हॉस्टेलच्या सफाईवाल्या बाईकडून घोकून घेतलं होतं. ते ऐकून एक दांडगा तरुण असा वरमला, जणू त्याची आई तिथे उगवली होती. भाच्याला हे अस्त्र चालेना, याचं त्याला वैषम्य वाटत राहिलं.

गिझाला मात्र सगळ्या विद्येची परीक्षा झाली. आम्ही मेट्रोने गेलो. कैरोची मेट्रो १९८७ सालची, आफ्रिकेतली पहिली. मधले डबे बायकांचे असतात. भाच्याला पुढे पाठवून मी तिथे शिरले तर आत पिना, मोजे, लिंबाचा साबण विकणाऱ्या बाया फिरत होत्या. आपल्या लोकलच्या लेडीज डब्यातल्यासारख्याच, फक्त इथे त्या वस्तू आपल्या मांडीवर ठेवून पुढे जातात आणि परत येताना एकतर पैसे नाहीतर वस्तू उचलतात. कुणी कुणाला आग्रह करत नाही. परदेशी बाई म्हणून माझ्याकडे चार बायकांनी पाहिलं आणि पुन्हा आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं. डोळे मिटून बसावं इतकं छान वाटलं.

गिझा स्टेशनवरून मायक्रोबस. 'हरम' म्हणजे पिरॅमिड, एवढा शब्द पुरतो. रस्त्याच्या शेवटी, जुन्या मेना हाउस हॉटेलच्या अलीकडे, दोन तरुणांनी चालत्या गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या आणि खिडकीतून डोकं घालून सांगितलं, "गेट इथे! उतरा! पुढे रस्ता बंद!" ड्रायव्हर गप्प होता. शेजारची भाजीची पिशवी घेतलेली म्हातारी माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवत राहिली. आम्ही बसून राहिलो. ते 'गेट' म्हणजे घोड्यांचा तबेला असतो, आणि तिथे उतरणारा माणूस पिरॅमिडपर्यंत घोड्यावरूनच पोहोचतो, तेही तासाभराने.

खऱ्या गेटातून आत गेल्यावर लगेच एक जण पुढे आला. गळ्यात ओळखपत्र, आवाजात अधिकार. "तिकीट दाखवा." तिकीट त्याच्या हातात गेलं की ते त्याच्याच हातात राहतं आणि तो आपला गाइड होतो. भाच्याने तिकीट दुरूनच दाखवलं, झेंडा दाखवावा तसं. त्याच्यानंतर उंटवाले. उंटावर बसायचा भाव ऐकून कुणालाही मोह पडेल. तो भाव बसण्याचा असतो. उतरण्याचा भाव वेगळा आणि तो वर गेल्यावर कळतो. जमिनीपासून सात-आठ फुटांवर, मान हलवणाऱ्या जनावराच्या पाठीवर बसून घासाघीस करणं कुणालाच साधत नाही. आमच्यासमोर एक कोरियन जोडपं वरून विनवण्या करत होतं आणि उंटवाला खाली शांतपणे सिगरेट शिलगावत होता.

ही परंपरा जुनी आहे, म्हणजे किती जुनी! मार्क ट्वेन १८६७ साली इथे आला. तेव्हा पिरॅमिड चढायला मुभा होती. स्थानिक माणसं हाताला धरून पर्यटकाला वर खेचत आणि मध्येच थांबून बक्षिसी मागत. 'द इनोसन्ट्स अब्रॉड'मध्ये त्याने त्यांच्या नावाने केलेला शिमगा वाचताना आज सकाळचीच हकिगत वाटते. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, हिरोडोटस येऊन गेला. त्याला दुभाष्याने पिरॅमिडवरचा लेख 'वाचून' दाखवला: मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर सोळाशे टॅलेंट चांदी खर्च झाली म्हणे. हिरोडोटसने ते ग्रंथात लिहून ठेवलं. तो आला तेव्हाच पिरॅमिड दोन हजार वर्षांचा झाला होता, आणि मला वाटतं, त्या दुभाष्याला ती अक्षरं वाचता येत नसावीत. पण गिऱ्हाईक लांबून आलं होतं, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? इतिहासाच्या जनकाला कांद्यालसणाचा हिशेब विकणारा तो माणूस नक्की कुणाचा तरी चुलतभाऊ असणार.

पिरॅमिडच्या पायथ्याशी नझलेत अल-समान नावाची वस्ती आहे. घोडे-उंटवाले बहुतेक तिथले, पिढ्यानपिढ्या हेच करणारे. २०११च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष मुबारकविरुद्ध उठाव झाला, पर्यटक रातोरात गेले, आणि २ फेब्रुवारीला याच लोकांतले काही घोडे-उंटांवर बसून तहरीर चौकातल्या निदर्शकांवर चालून गेले. त्यांना कुणी पाठवलं यावर पुढे खटला झाला, आरोपी सगळे सुटले. २०१० साली इजिप्तमध्ये सुमारे एक कोटी सत्तेचाळीस लाख पर्यटक आले होते, पुढच्या वर्षी अठ्ठ्याण्णव लाख आले, आणि २०१६ साली तर चोपन्न लाखांच्या आसपासच. त्या काळात या वस्तीत घोडे उपाशी मेले. हे सगळं वाचून गेले होते म्हणून उंटवाल्यांना मी पैसे दिले असं नाही, दिले नाहीतच. पण जनावराला रोज चारा लागतो, गिऱ्हाईक रोज येत नाही, आणि मधल्या तफावतीचं ओझं समोर दिसेल त्या परदेशी माणसावर पडतं, एवढं डोक्यात राहिलं की आवाज चढत नाही.

खान अल-खलिलीबद्दल फार लिहीत नाही. चौदाव्या शतकात एका अमीराने बांधलेल्या सराईभोवती वाढलेला हा बाजार, नजीब महफूझने आपल्या कादंबऱ्यांतून अजरामर केलेला भाग. पण आज पर्यटकांच्या गल्ल्यांत पितळी पिरॅमिडखेरीज विशेष काही नाही. मात्र तिथून मुस्की रस्त्याला वळलं की पन्नास पावलांत हवा बदलते. तिथे कैरोची माणसं परकराचं कापड, प्लास्टिकच्या बादल्या आणि रमजान जवळ आला होता म्हणून रंगीत कंदील घेत होती. तिथे आम्हाला कुणी हिंग लावून विचारलं नाही. उलट गर्दीत सॅक लागली म्हणून एका बाईने मला झापलं. बरं वाटलं.

तिथूनच आम्ही एक नियम बांधला, आणि पुढे लक्सरलाही तो उपयोगी पडला. जो आपल्याकडे चालत येतो त्याला काही विचारायचं नाही. वाट विचारायची ती कामात गुंतलेल्या माणसाला: इस्त्रीवाला, पाव भाजणारा, गल्ल्यावर बसलेला. त्याला दुकान सोडून आपल्यामागे येता येत नाही, त्यामुळे तो खरं तेच सांगतो आणि लगेच कामाला लागतो. कोशरीच्या दुकानातल्या पोराने तर आम्हाला खायचंही शिकवलं: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचं सार आणि तळलेला कांदा, त्यावर लसूण-व्हिनेगरचं पाणी आधी घालायचं आणि तिखट मागून. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला कैरोत एवढा आधार पुरला.

बाब झुवेला या अकराव्या शतकातल्या वेशीबाहेर खय्यामियांची गल्ली आहे, म्हणजे तंबू शिवणाऱ्यांची. वर लाकडी छप्पर, दोन्ही बाजूंना खोल्यांएवढी दुकानं. लग्नाच्या, मयताच्या मांडवांसाठी लागणाऱ्या कनाती पूर्वी इथे हाताने होत. आता छापील कापड स्वस्त मिळतं, म्हणून उरलेले कारागीर भिंतीवर टांगायची कापडं आणि उशांचे अभ्रे करतात. फळीवर मांडी घालून बसलेले एक आजोबा कमळाची पाकळी टाचत होते. मोठ्या थोरल्या कात्रीने निळ्या कापडाचा तुकडा अंदाजाने कापायचा, त्याची कड सुईच्या टोकाने आत दुमडायची, लगेच दोन टाके. ना खूण, ना पेन्सिल. बोटातलं अंगुस्तान घासून गुळगुळीत झालं होतं. आम्ही बराच वेळ उभे होतो. त्यांनी एकदा मान वर करून सलाम म्हटलं आणि पुन्हा पाकळीत शिरले. शेवटी मीच विचारलं, केवढ्याला? त्यांनी आकडा सांगितला. मी मोजून दिला. बाहेर आल्यावर भाचा चिडला, "मावशी, निदान एकदा तरी कमी कर म्हणायचंस!" मला नाही म्हणावंसं वाटलं.

यानंतरच्या वर्षी, २०२५च्या एप्रिलमध्ये, गिझाची व्यवस्था बदलली. पर्यटकांना आता फय्यूम रस्त्याच्या बाजूने नवीन दारातून घेतात, आत विजेच्या बसगाड्या फिरतात, घोडे-उंटवाल्यांना ठरवून दिलेल्या जागी दूर हलवलंय. चाचणीच्या दिवशीच त्यांनी वाट अडवली होती. नोव्हेंबरात तिथलं भव्य नवं म्युझियमही रीतसर उघडलं. ती बातमी पाठवून भाच्याने फोन केला. "मावशी, आता तिथे काही कटकट नाही म्हणे. परत जाऊया का? निवांत बघू."

मी म्हटलं, जाऊ की. पण नवीन दार शहरापासून लांब आहे, मेट्रो आणि मायक्रोबसवर भागायचं नाही, टॅक्सी करावी लागेल. आणि टॅक्सीवाल्याला चुलतभाऊ असणारच.